रविवारचं गाणं, ओट्यापासून दूर

मैत्रिणींनो, खरं सांगा हं. रविवारी सकाळी तुमच्या घरात गाणं लागतं, तेव्हा तुम्ही कुठे असता? बाहेरच्या खोलीत, की ओट्यापाशी? उत्तर मला ठाऊक आहे, कारण कितीतरी वर्षं माझंही तेच होतं.

1979 साली लग्न होऊन मी नागपूरला, महालातल्या वाड्यात आले. पुढच्या खोलीत फळीवर रेडिओ, त्यावर क्रोशाचं झाकण. तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागे. ते मामंजींच्या नावावर, म्हणून रेडिओही मामंजींचा! रविवारी पहाटे ते आरामखुर्चीत पाय लांब करून बसत. आधी आकाशवाणीची भक्तिगीतं, मग विविध भारती, मग खरखर करत रेडिओ सिलोन. सिलोनवर जुन्या चित्रपटगीतांचा सकाळचा कार्यक्रम संपताना सैगलचं गाणं असे. सैगल लागला की पोहे टाकायचे, हा आमच्या घरचा शिरस्ता. म्हणजे पुढच्या खोलीत सैगल गायला लागे आणि आत मोहरी तडतडायला लागे! कित्येक वर्षं मी सैगलचं एक गाणं धड ऐकलेलं नाही. त्यात तो रॉकेलचा स्टो. तो भर्र पेटला की बाहेर मैफल चाललीय का भांडण, तेही कळत नसे.

पण मी माझंच काय सांगत बसले! आमच्या सासूबाईंनी तर हे माझ्या दुपटीनं केलेलं. त्यांना गाण्याचा कान फार चांगला. चाल एकदा कानावर पडली की पक्की. तलत महमूदचं एक गाणं त्या निवडण-टिपण करताना नेहमी गुणगुणत. चाल तंतोतंत, शब्द मात्र भलतेच! मला वाटे, हिंदीची सवय नाही म्हणून असेल.

मामंजी 1991 मध्ये गेले. पुढे काही महिने रेडिओ बंदच होता. मग एका रविवारी मी तो लावला आणि आईंना हाताला धरून त्या आरामखुर्चीत बसवलं. बसल्या त्या अगदी कडेवर, कुणी हाक मारली तर चटकन उठता यावं अशा. थोड्या वेळानं नेमकं ते तलतचं गाणं लागलं. आई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे असं आहे होय?" चाळीस वर्षं त्यांनी ते भिंतीपलीकडून, स्टोच्या आवाजातून ऐकलं होतं. जे शब्द ऐकू आले नाहीत, ते त्यांनी मनानंच भरले होते! आई हसल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी सैगल लागला तशा सवयीनं उठल्या, "पोहे टाकते," म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, बसा. आज पोहे नाहीत."

म्हणून हल्ली कुणी मला कौतुकानं सांगितलं की "आम्ही स्वयंपाकघरातच स्पीकर बसवून घेतला," तर मी गप्प बसते. गाणं ओट्यापाशी आणून काय साधलं? मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या तिथेच, तुमचे हातही तिथेच. गाणं राहू द्या बाहेर, आपण बाहेर जाऊन बसायचं. चाळीस मिनिटं पुरतात.

ती चाळीस मिनिटं काढायची कशी? शनिवारी रात्री साबूदाणा भिजवा, दाण्याचं कूट करून ठेवा. पोहेच करायचे असतील तर कांदा-मिरची सकाळी घरातलं कुणीही चिरेल. (चिरत नाही? मग एका रविवारी कांद्याशिवाय पोहे वाढून पाहा.) चहा थर्मासात भरून घ्या, म्हणजे दुसऱ्या कपासाठी उठणं नको. नागपूरच्या मे महिन्यात मात्र सगळं आधीच उरकायला हवं. एकदा कूलर सुरू झाला की त्याच्या घरघरीत बासरी कुठली नि संतूर कुठलं! तेव्हा साडेपाच-सहालाच गॅलरीत खुर्ची टाकावी. फोनवर ऐकत असाल तर तो स्टीलच्या पातेल्यात ठेवू नका. आवाज वाढतो खरा, पण कर्कश होतो. लोणच्याची रिकामी चिनीमातीची बरणी त्यापेक्षा बरी.

आता ऐकायचं काय? माझं मत असं, की पहिली वीस मिनिटं शब्द नकोतच. शब्द आले की मन त्यांच्यामागे धावतं, आणि तिथून दूधवाल्याच्या हिशेबापर्यंत जायला त्याला वेळ लागत नाही. वाद्य लावावं. 1967 साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा या तिघांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली. संतूर, बासरी आणि गिटार. काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा एक दिवस त्यात सुरांनी रंगवलाय आणि त्याची पहाट होते ती अहीर भैरवानं. शास्त्रीय संगीताला बिचकणाऱ्या मैत्रिणींनी इथूनच सुरुवात करावी.

मग एखादा विलंबित ख्याल. "आम्हाला त्यातलं काही कळत नाही हो," असं लगेच म्हणू नका. विलंबित एकतालाच्या मात्रा बाराच, पण ठाय लयीत त्यांचं एक आवर्तन पुरं व्हायला कधी पाऊण मिनिट लागतं, कधी त्याहून जास्त. गायक फिरून समेवर कधी येतो याची वाट पाहायची, एवढंच करा. उस्ताद अमीर खाँ तर झुमऱ्यात इतके संथ गात की घाई नावाची गोष्ट जगात असते हेच आपण विसरतो. सकाळच्या रागांत माझा आवडता देसकार. गंमत पाहा, देसकार आणि भूप यांचे सूर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूपात गंधाराला मान आणि तो रात्रीचा. देसकारात धैवत वरचढ, वावर वरच्या अंगात, की झाली सकाळ! डाळ-तांदूळ तेच, पण खिचडी वेगळी आणि वरणभात वेगळा, तसंच हे.

त्यानंतर शब्द. माणिक वर्मा, गजानन वाटवे, सुधीर फडके. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं, तेव्हा शुक्रवारी नवं गीत लागे आणि शनिवारी-रविवारी सकाळी तेच पुन्हा. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला घरच्या बायकांची अडचण ठाऊक असणार, असं मला उगाचच वाटतं. शुक्रवारचं हुकलं तरी रविवार हाताशी असे.

आपल्या नागपूरकरांचंही सांगते. ग्रेस यांची कविता हृदयनाथांच्या चालीत ऐकावी ती ढगाळ रविवारी, उन्हात नाही. वसंतराव देशपांडे लहानपणी इथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे आणि आमची भक्तीही मोठी. पण त्यांचं गाणं आळसावलेल्या सकाळचं नव्हे. ती वीज आहे, चहा सांडतो! दहा वाजून गेल्यावर लावा.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी गॅलरीत डोळे मिटून बसले होते. समोरच्या काकूंनी विचारलं, "काय करून राहिली तू?" मी म्हटलं, "काही नाही, ऐकून राहिली." त्यांना वाटलं, माझी तब्येत बरी नाही. आत आमचे 'हे' निवृत्तीनंतर शिकलेले पोहे करत होते. चाळणीत भिजवायच्या ऐवजी पातेलंभर पाण्यात बुडवून ठेवलेले, त्याचा लगदा झालेला मला वासावरूनच कळला. "मीठ किती घालू गं?" अशी हाक आली. देसकार नुकता द्रुतात शिरला होता. मी ओ दिली नाही.