खवट

चिवड्याचा बकाणा भरलेला असतो. कुरकुरीत पोहे, झणझणीत मसाला, तळलेला कांदा, सगळं झकास जमून आलेलं असतं आणि तेवढ्यात एकच दाणा असा निघतो की तोंड वाकडं होतं. नाशिकहून निघताना पाहुण्याच्या पिशवीत चिवड्याचा पुडा गेलाच पाहिजे, अशी आपली रीत. अशा गावात या चवीचं नाव कुणाला विचारावं लागत नाही. दाणा खवट निघाला!

आता एक गंमत करून पाहा. नाक घट्ट दाबून तसला दाणा चावा. खवटपणा बराचसा गायब होतो. नाक सोडलं की हजर! जिभेपेक्षा हा मामला नाकाचाच जास्त. मराठीने नाकाच्या तक्रारींची वाटणी मोठी चोख केली आहे. पावसाळ्यात कपाटातले कपडे कुबट, तळाला लागलेलं दूध करपट आणि खवट म्हणजे दाणे, खोबरं, बदाम, तूप. भात आंबतो, भाकरी शिळी होते, पण त्यांना खवट असं कुणी म्हणत नाही. ज्यात तेल-तूप आहे, तेच खवट. (अपवाद बाजरीच्या पिठाचा. तिथेही बिघडते ती स्निग्धताच, पण आपण म्हणतो पीठ ‘कडू’ झालं.)

शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं. त्यातल्या लिनोलेइक आम्लाच्या रेणूत एक नाजूक जागा असते. हवेतला प्राणवायू तिथे चिकटतो. असा डिवचलेला रेणू शेजारच्याचा हायड्रोजन पळवतो, तो शेजारी आणखी पुढच्याचा. खो-खोत एकाने उठवल्यावर दुसरा धावतो, तसं हे चालतं. सुरुवातीला बरेच दिवस काहीच कळत नाही, कारण दाण्यातलं ई जीवनसत्त्व मध्ये पडून हा खेळ थोपवत असतं. ते संपलं की मात्र बिघाड झपाट्याने वाढतो. रेणू तुटतात आणि हेक्झानल नावाचं उडून जाणारं द्रव्य सुटतं. नवल असं की हेच हेक्झानल ताज्या कापलेल्या गवताच्या वासातही असतं. गवतात ते सुखावतं, दाण्यात नको होतं.

खोबऱ्याची कथा वेगळीच. त्याचं तेल प्राणवायूला सहजी भीक घालत नाही, कारण नाजूक जागा असलेले रेणू त्यात फार थोडे. त्याचा शत्रू ओल. ओल लागली, बुरशी धरली की तेलाचे रेणू फुटून आम्लं मोकळी होतात. म्हणून खवट खोबरं साबणासारखं लागतं. साबण बनतो तो याच आम्लांच्या क्षारांचा. त्यातल्या एका आम्लाचं नाव कॅप्रिक. लॅटिनमध्ये कॅपर म्हणजे बोकड. स्निग्ध पदार्थांचा कसून अभ्यास करणाऱ्या शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा ग्रंथ १८२३ साली निघाला, त्यात हे आम्लही आहे. या घराण्यातल्या आम्लांना बोकडाचं नाव मिळालं ते वासावरून!

म्हणजे दाणा हवेने बिघडतो, खोबरं ओलीने. रसायनं निराळी, वाटा निराळ्या. तरी आपल्या घरांतल्या नाकांनी दोन्हींना एकाच शब्दात बसवलं. आणि तिथे न थांबता तो शब्द माणसांनाही लावला.

खोचक बोलणारा टाचणी टोचतो आणि स्वतःच खूश होतो. कुजकट बोलणाऱ्याला दुसऱ्याचं बरं बघवत नाही. खवट म्हातारा या दोघांहून वेगळा. त्याच्याकडे बघून वाटतं, हा कधीकाळी असा नसणार. संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे तेल-तूपही आणि मायाही. ज्यात स्नेह नाही ते खवट होत नाही, हे स्वयंपाकघरातलं निरीक्षण माणसाला लावताना कुणी एवढा विचार केला असेल असं मला वाटत नाही. पण जमलंय फक्कड.

लोणी कढवताना विड्याचं पान टाकायची पद्धत अजून कित्येक घरांत आहे. तूप टिकतं, वास मारत नाही, एवढंच कारण सांगतात. विड्याच्या पानात फेनॉल जातीची द्रव्यं असतात. ती स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतात आणि तो खो तिथल्या तिथे अडतो. पान कडकडीत झालं की तूप गाळायचं.