ग्लासातला गाळ कोणाचा?



ऊसनोंदीच्या आणि लागणीच्या निमित्ताने शेतकी खात्याची माणसे वाड्या-वस्त्यांवर फिरत असतात. अलीकडे बऱ्याच घरांतून एकच प्रश्न कानावर येतो : "साहेब, आमच्या विहिरीचं पाणी एवढं घाण आहे का हो?" खोदून विचारले की कळते, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा कोणीतरी येऊन गेलेला असतो. तो दोन ग्लास मांडतो. एकात घरचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या दांड्यांचे एक उपकरण बुडवतो आणि पिन सॉकेटात घालतो. मिनिट-दोन मिनिटांत घरच्या पाण्याचा हिरवट, मग तपकिरी चिखल होतो. त्याचे पाणी जवळजवळ तसेच राहते. "हे तुम्ही रोज पिता," असे तो म्हणाला की घरातली म्हातारी माणसे हबकतात, आणि उसाच्या बिलातली चांगली रक्कम यंत्रात जाते.

यंत्र घ्यावे की नाही याकडे नंतर येऊ. पण तो गाळ आपल्या विहिरीचा नव्हे, त्याच्या दांडीचा असतो. हे ओळखायला नववी-दहावीच्या पोराचे विज्ञानाचे पुस्तक पुरेसे आहे. या क्रियेचे नाव विद्युत अपघटन.

मीठ पाण्यात विरघळले की त्याचे सुटे विद्युतभारित कण होतात. सोडियमचा कण धन, क्लोराइडचा ऋण. यांना आयन म्हणतात. अशा पाण्यात दोन दांड्या सोडून बॅटरी जोडली की धन आयन ऋण दांडीकडे आणि ऋण आयन धन दांडीकडे चालू लागतात. पाण्यातून वीज वाहते म्हणजे हे कण वाहतात. धन दांडीला धनाग्र, ऋण दांडीला ऋणाग्र म्हणायचे. निव्वळ शुद्ध पाण्यात आयन नगण्य, म्हणून त्यातून वीज जवळजवळ जातच नाही. शाळेत पाण्याचे अपघटन करून दाखवताना मास्तर त्यात सौम्य गंधकाम्लाचे चार थेंब टाकतात ते याचसाठी. मग ऋणाग्रावर हायड्रोजन आणि धनाग्रावर ऑक्सिजन असे बुडबुडे येतात, दोनास एक या प्रमाणात. इंग्लंडात निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली पाण्याचे असे दोन वायू वेगळे केले, तेव्हा व्होल्टाची बॅटरी नुकतीच निघाली होती.

आता आपली साखर घ्या. पाण्यात कितीही विरघळली तरी ती आयन देत नाही. रेणू अख्खाच राहतो. म्हणून साखरेच्या पाण्यातून वीज जात नाही. कारखान्याच्या लॅबमध्ये या गोष्टीचा दुहेरी अनुभव येतो. साखरेतली राख, म्हणजे क्षार, द्रावणातून वीज किती जाते त्यावरून मोजता येतात. पण बॉयलरला परत जाणाऱ्या कंडेन्सेट पाण्यात साखर उतरली आहे का, हे विजेच्या मीटरला दिसत नाही. त्याला अल्फा नॅप्थॉलची वेगळी चाचणी लावावी लागते.

ग्लासाकडे वळण्याआधी मोरचुदाचा प्रयोग पाहू, कारण सगळी गोम त्यात आहे. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या सोडून वीज दिली, तर ऋणाग्राच्या पट्टीवर नवे तांबे चढते आणि धनाग्राची पट्टी झिजते. झिजलेले तांबे द्रावणात उतरते. तांब्याऐवजी जुन्या टॉर्चच्या सेलमधली कार्बनची कांडी धनाग्राला लावली, तर तिथे विरघळायला धातूच नसतो. मग तिथे ऑक्सिजन निघतो. म्हणजे अपघटनात काय निपजेल हे पाण्याइतकेच दांडीवर ठरते.

विक्रेत्याच्या जोडीत एक दांडी लोखंडाची असते आणि दुसरी बहुधा ॲल्युमिनियमची. आपल्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे क्षार असतातच, म्हणून वीज चांगली वाहते. धन दांडीचे लोखंड पाण्यात उतरते, दुसऱ्या दांडीपाशी हायड्रोजन सुटून पाणी अल्कधर्मी होते, आणि दोन्हींचा संयोग होऊन आधी हिरवट साका आणि हवा लागल्यावर तांबूस तपकिरी गंज तयार होतो. शेतातल्या जुन्या पाइपाला येतो तोच गंज, फक्त इथे विजेने घाई केलेली. फॅरेडेच्या नियमाने हिशेब केला तर एक अँपिअर प्रवाहाने तासाला साधारण १ ग्रॅम लोखंड सुटते. समजा अर्धा अँपिअर दोन मिनिटे वाहिला, तर १७ मिलिग्रॅम. वजनाला काहीच नाही, पण ग्लासभर पाणी गढूळ करायला पुष्कळ. यंत्रातल्या पाण्याचे क्षार काढलेले असतात, म्हणून त्यातून वीज जात नाही, दांडी झिजत नाही आणि पाणी नितळ दिसते.

पुन्हा कोणी असा आला तर हुज्जत घालू नका. त्याला म्हणावे, उपकरण बंद कर आणि पिन काढ. मग त्याच्याच नितळ ग्लासात आपल्या डब्यातले चिमूटभर मीठ टाकून ढवळा आणि पुन्हा चालू करायला सांगा. तोही ग्लास चिखल होतो. खाण्याच्या मिठात विष आहे असे तर तो म्हणणार नाही! मिठाऐवजी साखर टाकली तर मात्र फारसे काही होत नाही.

एक गोष्ट पोरांना बजावून ठेवा. हा प्रयोग घरच्या सॉकेटवर कोणीही करू नये. ओल्या हाताने जीव जाईल. शाळेचा प्रयोग सेलवर होतो, आणि तोही मास्तरांसमोर. मिठाच्या दाट पाण्यात कार्बनच्या कांड्या घातल्या तर क्लोरीन सुटतो, तो छातीला वाईट. कारखानदारीत मात्र हाच क्लोरीन आणि त्याच्याबरोबर कॉस्टिक सोडा मिठाच्या पाण्याच्या अपघटनातून काढतात. ग्रामपंचायत टाकीत टाकते ती ब्लीचिंग पावडर त्या क्लोरीनची, आणि आपल्या इव्हॅपोरेटरच्या नळ्या साफ करायला लागतो तो कॉस्टिक सोडाही तिथलाच.

राहिला यंत्राचा प्रश्न. बोअरचे पाणी खरोखर मचूळ असेल तर क्षार काढणाऱ्या यंत्राचा उपयोग आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरले आहेत, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. हा आकडा तपासणीने कळतो. ग्लासाच्या रंगावरून तो कळत नाही, आणि हगवण-काविळीचे जंतू तर त्या दांड्यांना अजिबात दिसत नाहीत. माती-पाणी परीक्षणाच्या अहवालात ई.सी. म्हणून जो आकडा येतो, तो पाण्यातून वीज किती जाते त्याचाच. तिथे मुद्दाम उलटसुलट दिशेने वाहणारा प्रवाह वापरतात, म्हणजे अपघटन होऊन माप बिघडत नाही. ओलिताच्या पाण्याची ई.सी. ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असली तर उसाला फारशी काळजी नाही; २.२५ च्या वर गेली तर निचऱ्याची सोय पाहिल्याशिवाय लागण करू नये.

पिण्याच्या पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. क्षारांसाठी नमुना घेताना मोटर थोडा वेळ चालू द्यावी, लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी, आणि वर नाव, गट नंबर, तारीख लिहावी. जंतूंच्या तपासणीला घरची बाटली चालत नाही. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी आणि भरून त्याच दिवशी पोचती करावी.

– ऊस विकास अधिकारी