कोणता युरोप? धर्म, कायदा आणि काही पक्के गैरसमज

धर्मनिरपेक्षतेवर वाद रंगला की कोणीतरी युरोपचा दाखला देतोच. तिकडे म्हणे धर्म घरात आणि सरकार आपल्या जागी. अशा वेळी विचारावे, कोणता युरोप? डेन्मार्कच्या राज्यघटनेने ल्युथरन चर्चला सरकारी पाठबळ दिले आहे, तर शेजारच्या स्वीडनने २००० साली आपले चर्च राज्यापासून वेगळे केले. युरोपीय संघाचा यावर एकच कायदा असेल असे वाटते, पण तसा तो नाही. ज्या देशाने चर्चला जे स्थान दिले असेल ते आम्ही मानतो, असे संघाच्या करारातच लिहिलेले आहे.

गैरसमज: फ्रान्समध्ये सरकार धर्मावर एक पैसाही खर्च करत नाही.

१९०५च्या कायद्यात असे म्हटले आहे खरे. प्रजासत्ताक कोणत्याही पंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देणार नाही, असे तो सांगतो. पण हा कायदा झाला तेव्हा आल्सास आणि मोझेल हा भाग जर्मनीच्या ताब्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो परत आला, तरी तिथे नेपोलियनच्या काळातली जुनी व्यवस्था तशीच राहिली. आजही तिथल्या कॅथलिक पाद्र्यांना, दोन प्रोटेस्टंट पंथांच्या धर्मगुरूंना आणि ज्यू रब्बींना सरकारी पगार मिळतो. स्ट्रासबुर्गच्या बिशपची नेमणूक फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष करतात. २०१३ साली हे प्रकरण घटना परिषदेपुढे गेले आणि परिषदेने ही व्यवस्था कायम ठेवली. या यादीत इस्लाम नाही, कारण यादी ठरली तेव्हा तिथे मुस्लिम जवळजवळ नव्हतेच.

उरलेल्या फ्रान्सचे काय? १९०५पूर्वीची बहुतेक कॅथलिक चर्चे सरकारच्या किंवा गावाच्या मालकीची आहेत. २०१९मध्ये आग लागलेल्या नोत्र दामचे मालकही सरकारच. शिवाय सरकारशी करार केलेल्या खाजगी शाळांतल्या शिक्षकांचे पगार सरकारच देते, आणि या शाळा बहुतांशी कॅथलिक आहेत.

गैरसमज: जर्मनीत सगळ्यांना चर्चचा कर भरावा लागतो.

तो फक्त नोंदणीकृत सभासद भरतात. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये तो ८ टक्के आणि इतरत्र ९ टक्के आहे. हे टक्के उत्पन्नाचे नाहीत, आयकराच्या रकमेचे आहेत. वसुली सरकारी कर कार्यालय करते आणि त्याचा मोबदला चर्चकडून घेते. ज्याला नको असेल तो सरकारी कार्यालयात नाव काढून घेऊ शकतो.

गैरसमज: राजधर्म असला की इतर धर्मांची गळचेपी, नसला की सर्वांना मोकळीक.

हा सगळ्यांत चिवट गैरसमज. इंग्लंडचा राजा चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख आहे आणि त्या चर्चचे २६ बिशप उमरावांच्या सभागृहात बसतात. त्याच ब्रिटनने १९७६ साली पगडीधारी शिखांना मोटारसायकलवर हेल्मेटमधून सूट दिली. उलट राजधर्म नसलेल्या फ्रान्सने २००४ साली सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हे घालायला मनाई केली. हिजाबबरोबर पगडीही त्यात आली. माझ्या मते घटनेतल्या घोषणेपेक्षा शाळेच्या दारात काय होते, ते पाहून निवाडा करावा.

मग न्यायालय हस्तक्षेप करत नाही का? युरोपीय मानवाधिकार न्यायालय आहे, आणि गंमत म्हणजे ते स्ट्रासबुर्गमध्येच भरते. पण २०११ साली त्याने इटलीच्या शाळांतले क्रूस भिंतीवर राहू दिले आणि २०१४ साली फ्रान्सची चेहरा झाकण्यावरची बंदीही योग्य ठरवली. दोन्ही वेळी सूर एकच होता: देशाला ठरवायला बरीच मोकळीक आहे.

ही मोकळीक कशी वापरली जाते हे इटलीत दिसते. तिथे सरकारशी स्वतंत्र करार झालेल्या धर्मांना विवाह लावण्यापासून करातल्या वाट्यापर्यंत बऱ्याच सोयी मिळतात. तिथल्या हिंदू संघाशी असा करार झाला आणि २०१२च्या अखेरीस त्याचा कायदा झाला. त्यात दिवाळीलाही मान्यता आहे. इटलीत हिंदूंपेक्षा मुस्लिम कितीतरी जास्त आहेत, पण सगळ्यांच्या वतीने बोलेल अशी त्यांची एक संघटना नसल्याने त्यांच्याशी असा करार अजून झालेला नाही.