गावनकाशा आणि डोंगराचा उतार

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां शेंकडों गावनकाशे आमच्या हातांखालून गेले. जमीन कोणाची व बांध कोठला, हें त्यांवरून कळतें; परंतु ती उंच कीं सखल व वरचें पाणी कोठून उतरेल, हें कळत नाहीं. त्याकरितां भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा पाहावा लागतो.

आम्ही हल्लीं सीवूड्स येथें राहतों. आमच्या नळास येणारें पाणी खालापूर तालुक्यांतील मोरबे धरणाचें. धावरी नदीवरील या धरणाजवळच इर्शाळगड आहे. या खोऱ्याचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा. त्यावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. सारख्या उंचीचीं ठिकाणें जोडणाऱ्या तपकिरी रेषा त्या समोच्च रेषा. लगतच्या दोन रेषांत वीस मीटरांचा चढ. रेषा विरळ तेथें भातखाचरांजोगा मंद उतार, दाट तेथें कडा. रेषेचें टोंक उंचाकडे वळलें तर घळ, सखलाकडे वळलें तर डोंगराची सोंड समजावी.

दिनांक १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकरवस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सांपडले. ५७ माणसें बेपत्ता असतांच शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या यादींत या वाडीचें नांव नव्हतें. आम्हींही नोकरींत हजारों नोंदी केल्या; पण कोणत्या घरामागें केवढा कडा आहे, हें कधीं विचारलें नाहीं.

नकाशा सर्वज्ञ नव्हे. मातीचा थर, खडकांतील भेगा, पावसाचा जोर त्यांत दिसत नाहींत. वीस मीटरांहून लहान चढउतारही निसटतात. तरी धोका कोठें असूं शकेल, हें तो दाखवितो.

म्हणून डोंगराळ भागांतील कृषिबंधूंनीं आपला गट या नकाशावर शोधावा. घळीच्या तोंडाशीं घर वा गोठा बांधूं नये. बांध समोच्च रेषेस धरून घालावे, म्हणजे पाणी मुरतें व माती राहते. पावसाळ्यांत उतारावर नव्या भेगा पडल्या, झाडें कललीं किंवा झरा एकाएकीं गढूळ झाला, तर रात्रीची वाट न पाहतां वस्ती सोडावी. सातबारा जपणें अवश्य आहे. पण त्यावर ज्यांचीं नांवें आहेत तीं माणसें आधीं जपलीं पाहिजेत.