मंदगतीचे निदान

जुनी पेट्रोलची पिकअप गाडी रस्त्यावर उत्तम धावते. परंतु बंगळूरच्या एखाद्या सिग्नलपाशी उभी राहताच तिचे इंजिन थरथरू लागते आणि बंद पडते. वेगात निरोगी असणारे इंजिन विसाव्याच्या वेळीच का दगा देते, हा प्रश्न वाटतो तितका गूढ नाही.

ऍक्सिलरेटरवरून पाय काढला, की कार्ब्युरेटरमधील झडप जवळजवळ मिटते. मुख्य जेटमधून पेट्रोल येणे थांबते आणि इंजिनाचा सारा निर्वाह एका अतिबारीक जेटवर चालतो. त्यात अडकलेला कचऱ्याचा कण किंवा गॅस्केटच्या फटीतून शिरणारी थोडीशी हवा वेगात जाणवत नाही. मंदगतीत मात्र तीच सारा तोल बिघडवते.

बंगळुरात यात स्थानमाहात्म्याची भर पडते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा मुंबईच्या मानाने सुमारे एकदशांशाने विरळ आहे. म्हणून मुंबईत जुळवलेल्या मिश्रणात तेथे पेट्रोलचे प्रमाण किंचित वाढते. याउलट, २०२५ साली देशभर रूढ झालेल्या, २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे मिश्रणात हवा वरचढ होते; शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. दोन्ही परिणाम परस्परविरोधी असल्याने येथे अंदाज कामाचा नाही, परीक्षाच हवी.

ती परीक्षा क्रमाने व्हावी. गाडी मोकळ्या जागेत उभी करून इंजिन पुरते तापू द्यावे आणि चोक पूर्ण उघडल्याची खात्री करावी. मग इंजिन बंद करून प्लग पाहावेत: कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक, पांढरट टोक म्हणजे बहुधा हवा अधिक. पॉइंटमधील अंतर जीपसारख्या इंजिनात सुमारे अर्धा मिलिमीटर असावे. पुढे चालत्या इंजिनाचा चोक किंचित मिटून पाहावा. त्याने चाल सुधारली, तर कोठून तरी जादा हवा शिरत आहे किंवा बारीक जेट तुंबला आहे.

निर्वात मोजणारे घड्याळ येथे फार उपयोगी पडते. समुद्रकाठी निरोगी इंजिन १७ ते २१ इंच पारा दाखवते. दर हजार फूट उंचीमागे हा आकडा सुमारे एक इंचाने उतरतो. म्हणून बंगळुरात १४ ते १८ इंचांवर स्थिर राहणारा काटा दोष दाखवीत नाही. हे न जाणणारा मेस्त्री निरोगी इंजिन विनाकारण उघडून बसेल. काटा ठरावीक लयीत झटके देऊ लागला, तर मात्र एखाद्या व्हॉल्व्हचा संशय घ्यावा.

मिश्रणाच्या स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा. तो फिरवूनही चालीत फरक पडत नसेल, तर दोष जेटमध्ये किंवा गळतीत आहे. नुसता वेगाचा स्क्रू आवळून इंजिन जिवंत ठेवणे हा इलाज नव्हे. त्याने पेट्रोल वाया जाते, आणि गिअरमध्ये असलेली गाडी क्लच सोडताच अपेक्षेपेक्षा जोराने पुढे झेपावते. गर्दीच्या चौकात ते पादचाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. रोग झाकणे सोपे असते. तो शोधणे हेच खरे कौशल्य होय.