अक्षरांचा घाट

आपल्याकडे मुलाच्या विद्येचा आरंभ श्रीगणेशानें होतो. जपानांत तो पूर्वीं 'इ-रो-हा'नें होत असे. ४७ अक्षरें प्रत्येकीं एकदांच योजून रचलेली ती एक जुनी कविता आहे. बौद्ध धर्माबरोबर भरतखंडांतून तिकडे गेलेला अनित्यतेचा विचार तींत आहे. हीं अक्षरें ज्या घाटाच्या वळणांवर पाट्यांवर लिहिलीं आहेत, त्या इरोहाझाकाची ओळख आज करून द्यावयाची आहे.

टोकियोच्या उत्तरेस तोचिगी प्रांतांत निक्को हें तीर्थस्थान आहे. तेथून वर, १,२६९ मीटर उंचीवर, चुझेंजी सरोवर पसरलें आहे. नान्ताइ ज्वालामुखीच्या लाव्हारसानें खोरें अडलें, म्हणून हें सरोवर झालें. त्याचेंच पाणी केगोन धबधब्याच्या रूपानें ९७ मीटर खालीं कोसळतें. इतका खडा चढ चढावयाचा तर रस्त्यास नागमोडी वळणांवांचून गत्यंतर नाहीं.

हा पर्वत पवित्र मानीत. घोडे पायथ्याशीं उमागाएशी येथेंच थांबवीत. त्या नांवाचा अर्थच मुळीं 'घोड्यांनीं परत फिरावें' असा आहे. स्त्रियांस तर १८७२ पर्यंत वर जाण्याची बंदी होती. वाटेवरील 'न्योनिन्दो', म्हणजे स्त्रियांचें देवालय, येथूनच हात जोडून त्या माघारीं वळत. आज त्याच चढावर स्त्रिया स्वतः मोटार हांकीत जातात.

पहिला मोटाररस्ता १९५४ सालीं आणि दुसरा १९६५ सालीं खुला झाला. आतां दुसऱ्यानें चढावयाचें व पहिल्यानें उतरावयाचें, असा एकेरी वाहतुकीचा नियम आहे. चढतांना 'इ'पासून 'ने'पर्यंत २० वळणें लागतात, उतरतांना 'ना'पासून पुढें २८. कवितेच्या ४७ अक्षरांस शेवटीं 'न्' जोडून ४८ हा आंकडा पुरा केला आहे. म्हणजे केवळ वर जाणाऱ्यास ही अक्षरमाला अर्धीच वाचावयास मिळते.

जपानांत वाहनें आपल्याप्रमाणेंच डाव्या बाजूनें चालतात. तथापि समोरून कोणी येत नाहीं, एवढ्यावरून वेग वाढवूं नये. मोटारसायकलस्वारानें वळणापूर्वींच वेग आवरावा. शरदांत गळालेलीं ओलीं पानें फार निसरडीं असतात. मोटार हांकणारानें उतरतांना खालचा गिअर ठेवावा, म्हणजे ब्रेक तापणार नाहींत. पानें लाल-पिवळीं होतात त्या ऑक्टोबरांत घाटांत मोटारींची रांगच लागते. तेव्हां सुटीचा दिवस टाळून पहांटेंच निघावें.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. चढाच्या शेवटाजवळ अकेचिदाइरा हें ठिकाण आहे. तेथून दोरीवरच्या पाळण्यानें वर गेलें, कीं सरोवर, धबधबा आणि नान्ताइ पर्वत एकाच दृष्टिक्षेपांत येतात. पुष्कळजण म्हणतात, "परततांना पाहूं." पण परतीचा रस्ता निराळा, त्यावरून तेथें जातां येत नाहीं. पहावयाचें तें त्याच वेळीं पहावें लागतें. वळणावळणावरील अक्षरांत ज्या कवितेची आठवण ठेवली आहे, तीही याहून फारसें निराळें सांगत नाहीं.