जलशाला जागा हवी

आंबेडकरी जलशाला स्वतःचे रंगमंदिर कधीच नव्हते. १९३० च्या दशकात शाहीर भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी ज्या वस्तीत जात, तिथले अंगण हाच त्यांचा रंगमंच असे. पुढे वामनदादा कर्डकांनीही तीच वाट चालवली. छपराची गरज भासली तेव्हा चळवळीने दुसऱ्याचे सभागृह रीतसर मिळवले. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी बोलावलेली सभा परळच्या दामोदर हॉलमध्ये, म्हणजे सोशल सर्व्हिस लीगच्या वास्तूत, भरली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली.

संयुक्त अरब अमिरातीत भीमगीते गाणाऱ्या आपल्या गायनसंचांपुढेही जागेचाच प्रश्न आहे. येथे अंगणात ढोलकी वाजवून चालत नाही. सार्वजनिक कार्यक्रमाला परवाना लागतो आणि प्रत्येक अमिरातीचे खाते वेगळे आहे. दुबईत हे काम अर्थव्यवस्था व पर्यटन विभाग पाहतो, तर अबुधाबीत संस्कृती व पर्यटन विभाग. विनापरवाना कार्यक्रम झाला, तर आयोजक आणि सभागृह दोघांवरही कारवाई होऊ शकते. म्हणून परवाना कोणाच्या नावाने निघणार, हे भाड्याच्या आधी विचारावे.

आपल्यासमोर मुख्यतः तीन पर्याय असतात. पहिला भारतीय समाजाच्या नोंदणीकृत संस्थांचा : अबुधाबीचे इंडिया सोशल अँड कल्चरल सेंटर, शारजाचे इंडियन असोसिएशन. अशा संस्थांना परवान्याची वाट माहीत असते. दुसरा शाळांच्या सभागृहांचा. दुबईत ऊद मेथा येथील इंडियन हायस्कूलचे शेख राशिद सभागृह सर्वांच्या परिचयाचे आहे. तिसरा हॉटेलांचा. तेथे कागदपत्रांचा व्याप हॉटेल काही अंशी उचलते, पण भोजनाचा खर्च माथी बसतो.

अर्जात कार्यक्रमाचे स्वरूप प्रामाणिकपणे लिहावे. जयंतीचे गायन सांस्कृतिक आहे. बुद्धवंदना आणि धम्मविधी धार्मिक आहेत. मुस्लिमेतर प्रार्थनास्थळांचे नियमन दुबईत सामुदायिक विकास प्राधिकरणाकडे आहे. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात गुंडाळण्याऐवजी सभागृहाच्या व्यवस्थापकाला आधीच स्पष्ट विचारावे. कलावंतांची ओळखपत्रे आणि कार्यक्रमाची रूपरेषा तयार ठेवावी.

पैशाची बाब अधिक नाजूक आहे. वर्गणी हा आपल्या उत्सवांचा कणा; परंतु येथे २०२१ च्या संघीय कायद्यानुसार परवानाधारक संस्थेखेरीज कोणालाही जनतेकडून देणग्या गोळा करता येत नाहीत. व्हॉट्सॲपवर खातेक्रमांक टाकून केलेले आवाहनही अंगलट येऊ शकते. म्हणून खर्च कोण आणि कसा उचलणार, हे यजमान संस्थेशी बोलूनच ठरवावे.

तारीखही विचारपूर्वक निवडावी. २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी १४ एप्रिल रमजानमध्ये आला होता. त्या महिन्यात सार्वजनिक ठिकाणच्या संगीतावर बंधने असतात. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा पुढील वर्षांचा हिशेब आताच मांडता येतो. खुल्या जागेसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. एप्रिलअखेरीस उन्हाचा कडाका सुरू होतो.

मात्र या सर्वांपेक्षा मोठा प्रश्न श्रोत्यांचा आहे. सोनापूर, जेबेल अली आणि मुसफ्फा येथील कामगार-वसाहतींत आपले अनेक बांधव राहतात. त्यांतल्या बहुतेकांना आठवड्यातून एकच सुट्टी मिळते आणि रात्री परतायला स्वतःचे वाहन नसते. शहराच्या टोकाला असलेले झगमगीत सभागृह त्यांना बंदच असते. जलसा ज्यांच्यासाठी जन्मला, तेच वगळले गेले तर उरते ती केवळ करमणूक. म्हणून सभागृह बसथांब्याजवळचे असावे, गायन संध्याकाळी लवकर सुरू व्हावे आणि भाड्यातून वाचलेली रक्कम बससाठी ठेवावी. हजार खुर्च्यांच्या अर्ध्या रिकाम्या दालनापेक्षा दोनशे जणांनी भरलेले छोटे सभागृह ढोलकीलाही मानवते.

सभागृह पाहायला जाणाऱ्यांनी मंचाची लांबी मोजावीच. पण शेवटची बस किती वाजता सुटते, हे त्याआधी विचारावे.

जय भीम! नमो बुद्धाय!